अण्णांचा उजवा डोळा

अण्णांचा उजवा डोळा गेला. पूर्ण अंधार झाला असं नाही. कडेकडेनं दिसतं, पण मधोमध एक काळा डाग आहे आणि ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं त्या डागात जातं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर इंजेक्शनं देऊन बराचसा वाचवता आला असता. त्या वर्षभरात अण्णा काय करत होते ते मला चांगलं ठाऊक आहे. दर रविवारी ते आम्हाला विचारत होते आणि आम्ही त्यांच्याशी खोटं बोलत होतो. सगळ्यात जास्त मी.

अण्णा माझ्या नात्यातले नव्हेत. गोकुळ रोडला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. जुन्या, हातानं फोकस करायच्या लेन्स मिळतील तिथून गोळा करायचा त्यांना नाद. त्या लेन्स आताच्या कॅमेऱ्यांना बसत नाहीत, मधे एक कडी लागते. लोक ती बाहेरून मागवतात. अण्णा स्वतः लेथवर करायचे. माझ्या कॅमेऱ्यालाही त्यांच्याच हातची कडी आहे. मी नवनगरला राहणारा, सरकारी कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर ढकलणारा माणूस. फोकसची रिंग कशी फिरवायची, किती हळू, श्वास कुठं धरायचा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. शिवाय बोलायलाही शिकवलं, म्हणजे दुसऱ्याच्या फोटोबद्दल खरं बोलायला. ते शिक्षण मला जरा जास्तच मानवलं.

आम्ही चौघं. अण्णा, मी, देशपांडे नगरातले एक दातांचे डॉक्टर आणि धारवाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या अक्का. रविवारी सकाळी डॉक्टरांचा दवाखाना बंद असायचा, तेव्हा पेशंटनी बसायच्या खुर्च्यांवर आम्ही बसायचो. मधल्या टेबलावरची जुनी मासिकं खाली ठेवायची आणि तिथं आमचे फोटो मांडायचे. पोस्टकार्डाएवढे प्रिंट, मागे नाव नाही. डॉक्टर ते पत्त्यांसारखे पिसायचे. मग एकेक उचलायचा आणि चौघांनीही त्यावर बोलायचं. ज्याचा असेल त्यानंही परक्याचा असल्यासारखं बोलायचं. सगळ्यांचं झालं की मालकानं हात वर करायचा, आणि जे ठरलं ते निमूट मानायचं. वाद नाही, खुलासा नाही.

नियम अण्णांचा. ते म्हणायचे, ‘‘आपला फोटो आपल्याला दिसतच नाही बघ. आपल्याला दिसतंय ते त्या वेळचं ऊन, तो रस्ता, तो माणूस. कागदावर काय आलंय ते दुसऱ्यानंच सांगायचं.’’ एखादा नियम इतका मनापासून पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्वतःला आवडलेला फोटो तिघांनी नापास केला की अण्णा तो तिथंच फाडायचे आणि गिरमिटाच्या, म्हणजे कालवलेल्या चुरमुऱ्यांच्या, पुडीकडे हात करायचे.

माझ्या जिभेला हाड नाही, हे कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. रविवारच्या खोलीत मात्र त्याचा मान होता. अक्का आधी उजेडाबद्दल, मांडणीबद्दल बोलायच्या. डॉक्टर दात उपटण्यापूर्वी बोलतात तसं गोड गोड बोलायचे. आणि मग सगळे माझ्याकडे बघायचे. फोकस नाकावर आहे, डोळ्यावर नाही. मागची भिंत स्पष्ट आहे, तेव्हा पुढच्या वेळी भिंतीलाच बसवा. असली वाक्यं मी घरून तयार करून न्यायचो, हे आज कबूल करतो. अण्णा खूश व्हायचे. ‘‘हा खरा माझा माणूस,’’ म्हणायचे. तेवढ्यासाठी मी आणखी चार वाक्यं तयार करायचो.

मग वहिनी गेल्या. अण्णांची बायको. दुखणं महिन्याभराचं, पण त्या महिन्यात अण्णा दहा वर्षांनी म्हातारे झाले. दिवसकार्य आटोपल्यावर पहिल्याच रविवारी ते जिना चढून आले. त्या दिवशी टेबलावर बाजारातल्या एका फुलवालीचा फोटो होता. तिच्या हातातली शेवंती, मागची टोपली, काहीच धड स्पष्ट नव्हतं. मी तो उचलला आणि म्हणालो, ‘‘हा ज्यानं काढलाय त्यानं लेन्स विकून मोबाइल घ्यावा. मोबाइल आपोआप फोकस करतो, आंधळ्याच्या हातातसुद्धा.’’

अण्णांनी हात वर केला. हसले. ‘‘बरोबर आहे की,’’ म्हणाले, आणि फोटो फाडला.

खाली उतरल्यावर अक्कांनी मला रस्त्यावरच धरलं. ‘‘तुम्हाला काही लाज? त्यांची बायको जाऊन महिना नाही झाला. हात थरथरत असतील त्यांचे. आणि तुम्ही आंधळा म्हणता?’’ डॉक्टर मागून येऊन नुसतेच मान हलवत उभे राहिले. मला खरंच लाज वाटली. पुढच्या रविवारी अण्णा यायच्या आधी आम्ही तिघांनी ठरवलं की आता काही दिवस त्यांच्या फोटोतल्या फोकसबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अण्णांचे फोटो ओळखू यायचे; आमच्यात तेच एकटे चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडून प्रिंट काढायचे. नाव नसण्याचं सोंग इतके दिवस आम्ही सगळेच आनंदानं करत होतो, त्याचा असा उपयोग झाला.

काही दिवसांचे काही महिने झाले आणि महिन्यांचं वर्ष. खोटं बोलायला एकदा तोंड उघडलं की ते मिटायची वेळ कुणी ठरवत नाही. अक्का म्हणायच्या, उजेड किती मऊ आलाय. डॉक्टर म्हणायचे, स्वप्नातलं वाटतं. मी म्हणायचो, वातावरण आहे. वातावरण! ज्या फोटोत कुणाचा कान कुठला आणि मागचा खांब कुठला ते कळत नव्हतं, त्याला मी वातावरण म्हणत होतो. सगळ्यात वाईट म्हणजे अण्णांची पाळी आली की ते नियमाप्रमाणे परक्यासारखं बोलायचे. प्रिंट जवळ धरून म्हणायचे, ‘‘मला हा जरा हललेला वाटतो.’’ आम्ही तिघं एका सुरात नाही म्हणायचो. ते तिघांकडे आळीपाळीनं बघायचे आणि मान्य करायचे. तीन विरुद्ध एक. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा नियम मोठा.

ही दया होती असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पूर्ण खरं नाही ते. त्या वर्षात मी लोकांना आवडू लागलो होतो. अक्का माझ्यासाठी डब्यातून थालीपीठ आणू लागल्या. डॉक्टर म्हणाले, तुमचा स्वभाव निवळला हो. चांगलं म्हणवून घ्यायला फार काही लागत नाही, नुसतं खरं गिळावं लागतं. आणि ते गिळलेलं भोगायला दुसराच कुणीतरी असतो.

एकदा तर त्यांनी मला एकट्याला विचारलं. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो, दुपारची वेळ. लेथ बंद करून, हात पुसून त्यांनी खणातून एक प्रिंट काढला. त्यांच्या कारागिराचा चेहरा होता, जवळून घेतलेला. ते म्हणाले, ‘‘खरं सांग रे. व्ह्यूफाइंडरमधनं बघताना हल्ली मधे धुकं असल्यासारखं वाटायलंय मला. लेन्सला बुरशी धरली असंल म्हणून उघडून पुसली, तर काच स्वच्छ. म्हणून विचारतोय. फोकस कुठं आहे यात?’’

फोकस कुठंच नव्हता. चेहऱ्यावर नव्हता, कानावर नव्हता, मागच्या मशीनवर नव्हता. मी प्रिंट उजेडाकडे तिरका धरला, बघितल्याचं नाटक केलं आणि म्हणालो, ‘‘डोळ्यावर आहे, अण्णा. अगदी पापणीवर.’’

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. ‘‘मग झालं. फोटो बरोबर येतोय म्हणजे डोळा बरोबर आहे. व्ह्यूफाइंडरच जुना झाला असणार.’’ त्यांनी लगेच चहा सांगितला. मी तो प्यालो.

दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं सगळं झाकून घेतो. त्यामुळे रस्त्यावर, घरात, लेथवर त्यांना काही जाणवलं नाही. उजवा डोळा एकटा पडायचा तो फक्त कॅमेऱ्याला लावल्यावर. जे काही कळायचं ते त्या फोटोंतूनच कळायचं होतं, आणि फोटोंवर आमचा पहारा होता. पुढं एक दिवस डाव्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला. तो चोळत बसले असताना समोरची दाराची चौकट त्यांना मधेच वाकलेली दिसली, आणि जिथं कडी असते तिथं काहीच दिसेना. सरळ रेष म्हणजे काय हे जन्मभर लेथवर शिकलेला माणूस. त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तोवर उशीर झाला होता.

त्यानंतरच्या रविवारी ते आले तेव्हा हातात चपलांचा एक रिकामा खोका होता. त्यात वर्षभराचे प्रिंट. एकही फाडलेला नव्हता, कारण आम्ही एकही नापास केला नव्हता. त्यांनी ते पिसले नाहीत. जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं मांडले आणि सोनाराकडं असतं तसलं भिंग डाव्या डोळ्याला लावून एकेकावरून सरकवत गेले. आम्हालाही ओळीनं दिसत होतं. पहिल्या फोटोत थोडंसं धूसर, मधल्यात जास्त, शेवटच्यात माणसाचा नुसता आकार. कुणाही डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर त्यानं हातातला चहा ठेवून गाडी काढली असती.

अक्का रडायला लागल्या. ‘‘अण्णा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...’’

‘‘तुमचं काही नाही, अक्का,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तुम्ही चांगल्या आहात. डॉक्टरही चांगले आहेत. चांगली माणसं तसंच बोलणार की.’’ मग माझ्याकडं वळले. ‘‘तुला मी वेगळं विचारलं होतं. वर्कशॉपमध्ये. तू चांगला नाहीस म्हणून विचारलं होतं.’’

त्यांनी प्रिंट पुन्हा खोक्यात भरले. रविवार संपले ते तिथंच. कुणी बंद करू या असं म्हणालंसुद्धा नाही.

हल्ली मी पुन्हा वर्कशॉपमध्ये जाऊ लागलोय. ते ये म्हणतात, बस म्हणतात, पूर्वीसारखा चहा सांगतात. रागावलेले दिसत नाहीत, आणि तेच मला जड जातं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते आता कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायला शिकतायत. नाक मधे येतं, अंगठा अडतो, या वयात सगळंच उलटं करायचं.

गेल्या आठवड्यात त्यांनी नवा प्रिंट दाखवला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याची म्हातारी आई, चष्म्याआडून बघणारी. मी खिडकीशी नेऊन बघितला. फोकस खरोखरच डोळ्यावर होता. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. ‘‘बरोबर आहे, अण्णा. शपथ. अगदी पापणीवर आहे.’’

‘‘हो का,’’ अण्णा म्हणाले आणि प्रिंट माझ्या हातातून काढून घेतला. दारात जाऊन त्यांनी शेजारच्या वेल्डरला हाक मारली. ज्यानं जन्मात कधी लेन्स हातात धरलेली नाही अशा त्या माणसापुढं प्रिंट धरून, इथं बघा, स्पष्ट आहे का, असं कानडीत विचारलं, ‘‘इल्ले नोडरी, क्लिअर ऐतेनरी?’’

तो पँटला हात पुसत आला. फोटोकडं नीट बघितलं आणि म्हणाला, ‘‘ऐतरी.’’

‘‘मग आहे,’’ अण्णा म्हणाले.