दारातली आडवी काठी

शिकवणीचे किती घेणार असं विचारलं की म्हातारा मफद्दल, गल्लीतल्या आम्हा सगळ्यांचा बा, म्हणायचा, "चहा पाज. पुदिना जास्त घालायला सांग." एवढ्यावर तो मेकनेस शहरातल्या आमच्या सपातवाल्यांच्या गल्लीत धंदा शिकवायचा. शिकवायचा कसला, सोलून काढायचा! दिवसभर तुमच्या दुकानात खोक्यावर गप्प बसणार आणि संध्याकाळी तासभर तुमचा उद्धार करणार.

पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बुश्ता, गिऱ्हाईक दारात उभं आणि तू नाक शिंकरतोस? गाढवा, गिऱ्हाईक दारात असलं की बाप मेला तरी मागं बघायचं नाही!"

त्याला बोलायचा हक्क होता. तरुणपणी त्याचंही दुकान होतं. एका दलालानं त्याचं चामडं अडवलं, तेव्हा यानं सपाता ठोकायची हातोडी त्याच्या टाळक्यात घातली. दलाल जागीच मेला. बा अकरा वर्षं तुरुंगात सडला. दुकान गेलं, बायकोनं दुसरं घर केलं. "एकच घाव रे," तो म्हणायचा, "आणि सगळ्याचा चुराडा."

त्याच्यामुळे आम्ही दहा-बारा जण शहाणे झालो, थेट गिऱ्हाइकाला माल विकू लागलो. तिथं कद्दूर दलालाच्या पोटावर पाय आला. त्यानं आधी शेजारचा दुकानदार मोहा, त्याची दोन बोटं दाराच्या फळीत धरून चेचली. मोहा गुरासारखा ओरडत होता आणि आम्ही बघत होतो, लाज वाटते सांगायला. मग कद्दूर माझ्याकडे वळला. "तुमच्या म्हाताऱ्याला हाकल. नाहीतर मी हाकलतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजेला निघताना मी म्हणालो, "बा, मी दार ओढतो, तू आतून कडी घाल." गुडघे गेल्यामुळे तो मशिदीत यायचा नाही, दुकानातच बसून नमाज पढायचा.

"बंद दार दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. काठी टाक."

"कद्दूर आला तर?"

"काठी ओलांडायला तो काय काफर आहे?"

आमच्याकडे दारात काठी आडवी असली की मालक नमाजेला गेलाय. चोरसुद्धा ती ओलांडत नाही. मी मूर्ख, टाकली काठी आणि गेलो.

परत आलो तर काठीचे दोन तुकडे झालेले. एक उंबऱ्यावर पडलेला, दुसरा कद्दूरच्या हातात. त्यानं तो बाच्या तोंडावर घालायचा सपाटा लावला होता. दात फरशीवर, रक्त पांढऱ्या सपातांवर. माझं डोकंच फिरलं. हातोडी उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. हाड वाजलं. तो कोसळला, मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि हातोडी त्याच्या कपाळावर उगारली. मला त्याला मारायचंच होतं, खोटं कशाला बोलू!

"बुश्ता..." बाजूला पडलेल्या बाचा घरघरता आवाज आला. "गिऱ्हाईक."

मी मान वळवली. उंबऱ्याबाहेर एक बाई उभी होती, लेकीच्या लग्नाच्या सपाता न्यायला आलेली. चेहरा पांढराफटक, पण काठीच्या त्या अर्ध्या तुकड्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

कसा कोण जाणे, माझा हात खाली आला.

"या लाल्ला, या बाईसाहेब," मी म्हणालो. तोवर गल्ली धावून आली, कद्दूरला त्यांनी दाबून धरलं. मी जोड कागदात बांधला. कागदावर माझी लाल बोटं उमटली, तरी त्या माउलीनं तो घेतला.

बा तिसऱ्या दिवशी गेला. जबडा फुटलेला, पुन्हा बोललाच नाही.

कद्दूर तुरुंगात आहे. मी काठी सुतळीनं बांधून घेतली, रोज दुपारी तीच दारात टाकून जातो. हातोडीही तीच आहे. सपाता ठोकतो तिनं.