फुटबॉलसाठी घड्याळ

विहिरीच्या तळाशी पंपाच्या पाइपला जी झडप बसवलेली असते, तिला दुकानदार फूट व्हॉल्व म्हणतात. आमच्या खानापूर तालुक्यात शेतकरी मात्र तिला फुटबॉलच म्हणतो. फुटबॉलमध्ये काडीकचरा अडकला की पंप पाणी उचलत नाही, आणि मग कुणीतरी बिराप्पाला बोलवायला जातं.

बिराप्पा माझा फार जुना, चौथीतला विद्यार्थी. रस्त्यानं मेंढरं गेली की ती कुणाची आहेत हे नुसत्या आवाजावरून सांगायचा. पुढं त्याच्या वडिलांनी मेंढरं विकली आणि विहिरीत बुड्या मारायचं काम धरलं. तेच त्याच्याकडं आलं. लंगोट, पान्हा आणि छातीत भरून घेतलेली हवा, एवढंच सामान. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बनुबाईच्या हातात. बनुबाई त्याची बायको. लग्न झाल्यापासून ती अशी काठावर बसत आली आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं तिला एक गोष्ट सांगितली आणि तिची झोप उडाली. पूर्वी दम संपत आला की त्याचा गळा आवळायचा, छाती धडका द्यायची. मग तो वर यायचा. आता तसं काही होईनासं झालं होतं.

"खाली बरं वाटतं गं," तो म्हणाला. "वर यावं असं वाटतच न्हाई."

हे म्हणताना त्याचे ओठ निळे पडलेले होते.

तेव्हापासून ती दोर लवकर ओढायला लागली. काम अर्धं राहायचं, तो चिडायचा. एकदा तर ओढलेला दोर पाइपला गुंतला आणि तो सोडवण्यात त्याला वर यायला जास्तच उशीर झाला. मग तिला ओढायचीही भीती वाटू लागली आणि न ओढायचीही.

घड्याळाची कल्पना तिचीच. पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरींच्या हातात तिनं पाहिलं होतं. लावलेली वेळ झाली की ते मनगटावर थरथरतं. बाजाराच्या दिवशी दोघं विट्याला गेली.

दुकानदार यशराज तरुण आणि बोलका.

"कुठल्या खेळासाठी पाहिजे, काका?"

"फुटबॉलसाठी," बिराप्पा म्हणाला.

यशराजनं त्याच्या पिकलेल्या मिशांकडं पाहिलं. "या वयात? मानलं तुमाला! किती वर्षं झाली?"

"बापापासून हाय आमच्याकडं."

"टीम कुठली?"

"टीम कसली? मी आन् ही."

"काकी बी खेळत्यात?"

"मी वरनं बघती," बनुबाई म्हणाली. "माझ्या जिवाला नुसता घोर."

"बघणाऱ्यालाच जास्त टेन्शन असतंय, काकी," यशराज हसत म्हणाला.

काउंटर आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट होती, विहिरीत पाइप आणि खडक यांच्यामध्ये असते तशी. बिराप्पा एकेक घड्याळ बांधून त्या फटीत हात घालून पाहू लागला. जाडजूड घड्याळं अडकली.

"हात अडकला की संपलंच," तो म्हणाला.

"बरोबर, जर्सीत अडकतंय. मग हे घ्या, एकदम पातळ."

ते फटीतून सरळ आरपार गेलं. बिराप्पानं मनगट शटरवर आपटलं. काच शाबूत राहिली.

"आन् पाणी?" बनुबाईनं विचारलं.

"घाम, पाऊस, चिखल, कशानं काय होत न्हाई."

मागच्या बाजूला तीस मीटर असं कोरलेलं होतं. बिराप्पानं ते वाचलं. आमच्याकडची कुठलीच विहीर तेवढी खोल नाही. त्या आकड्याचा अर्थ फार तर हात धुवावेत, पावसात भिजावं एवढाच असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. घरी बादलीत बुडवून पाहिलं तर छान चाललं.

पहिलं काम कृष्णातच्या विहिरीवर निघालं. बनुबाईनं दोर सोडायला घेतला.

"आज दोर नगं," बिराप्पा म्हणाला. "गुंततोय त्यो."

"आवं, असू द्या की कमरंला."

"मग हे कशापायी घेतलं?" त्यानं मनगट पुढं केलं आणि उडी घेतली.

पाणी हललं, मग शांत झालं. थोडा वेळ बुडबुडे आले. कृष्णात उसाच्या पाळीबद्दल काहीबाही बोलत होता. बनुबाईच्या हातात दोराचं गुंडाळं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं.

"भावजी, थरथरलं असंल का वो?"

"असंल की, वहिनी. येईल आता."

तो आला नाही. बुडबुडेही थांबले. हिरव्या पाण्यात खालचं काही दिसेना. बनुबाईनं एकदा हाक मारली, पण हाक खाली जाणार कशी? तिनं शेजारी पडलेला कृष्णातचा पान्हा उचलला आणि काठावरून खाली गेलेल्या लोखंडी पाइपावर हाणला. पुन्हा हाणला.

"आवं वहिनी, पाइप फुटंल!"

"फुटू दे!"

ती हाणत राहिली. मग बिराप्पाचं डोकं वर आलं. डोळे पांढरे झालेले, तोंड उघडं. बराच वेळ तो दगडाला धरून नुसता श्वास ओढत होता.

"थरथरलं," तो शेवटी म्हणाला. "घड्याळ थरथरलं, म्हणून आलो."

तिनं त्याचा हात ओढून पाहिला. काचेच्या आतून वाफ धरली होती. तिनं सगळी बटणं दाबली.

"मेलंय हे. कवाच मेलंय."

तो घड्याळाकडं पाहत राहिला. मग त्याची नजर पाइपाकडं गेली. खाली त्याचा हात त्याच पाइपावर होता. आयुष्यभर पाण्याला न भ्यालेला तो माणूस भर उन्हात कुडकुडायला लागला.

फुटबॉल निघाला का, हे कृष्णातनं विचारलं नाही.

दोघं पुन्हा विट्याला गेली. हकिगत ऐकून यशराज म्हणाला, "काका, फुटबॉल म्हंजे... आयला!" त्यानं पोहणाऱ्यांसाठीचं घड्याळ काढलं. ते पाण्यात चालणारं होतं, पण जाड. फटीत अडकलं.

"पाण्यातलं ऱ्हाऊ द्या," बनुबाई म्हणाली आणि तिनं आपला हात काउंटरवर ठेवला. "माझ्या हाताला बसंल असं द्या. बांगड्यांच्या मागं ऱ्हाईल असं पातळ."

परवा आमच्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर ते काम करत होते. बिराप्पानं बुडी मारली तसं तिनं बटण दाबलं. मनगट थरथरलं, तिनं पाइपावर जवळचा दुसरा पान्हा हाणला. त्यानंतर त्याचं डोकं वर येईपर्यंत ती पाण्याकडं पाहत नव्हती, पळणाऱ्या आकड्यांकडंच पाहत होती. तो वर आल्यावर मी म्हटलं, "बनुबाई, आता भीती कमी झाली असेल."

"न्हाई, गुरुजी," ती म्हणाली. "आता तर जास्त वाटती. आधी किती येळ झाला ते मला कळत तरी न्हवतं."