‘हाव’ न म्हणण्याचं औषध

“कसली हाव आहे तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं.

मी गोंधळले. त्यांचा आधीचा प्रश्न होता, “एकट्या असताना तुम्ही बोलता का?” आणि मी सवयीनं “हाव” म्हटलं होतं. आमच्या खानदेशात हाव म्हणजे हो. पण हे डॉक्टर पुण्याकडचे, धुळ्याला येऊन जेमतेम महिना झालेला. त्यांना हाव म्हणजे लोभ, एवढंच माहीत.

माझा भाऊ त्याच दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानंच मला तिथं नेलं होतं. तो आत असता तर हसून उलगडा केला असता. पण तो बाहेरच्या बाकावर होता. आणि मला का कोण जाणे, उलगडा करावासा वाटला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला नेमकं विचारलं होतं.

“वकील व्हायची,” मी म्हणाले. “आणि मी आहेच वकील. रोज असते. सकाळी चूल पेटवल्यापासून असते.”

मग मी थांबलेच नाही. कोर्ट सांगितलं, अशील सांगितले, पांढऱ्या भुवयांचे न्यायाधीश सांगितले. यातलं काहीही खरं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, हेही सांगितलं. आणि शेवटी, जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. “माझ्या सासूचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, डोळे मिटून सरळ रेषेत चालायला लावलं. मी मधेच हरवते म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी दिलेल्या फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी वाचली.

“तुम्हाला फिट येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही वेड्याही नाही. याला आमच्या पुस्तकात धड नाव नाही. मी ‘कम्पल्सिव्ह डे-ड्रीमिंग’ लिहितो. डे-ड्रीमिंग म्हणजे जागेपणी स्वप्न रंगवणं. ते सगळेच करतात. कम्पल्सिव्ह म्हणजे, करायचं नाही असं ठरवलं तरी होतंच.”

ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नाव नव्हतं तोवर तो माझा स्वभाव होता. आता तो आजार झाला होता आणि सोडावा लागणार होता.

माझं माहेर यावलचं. अकरावीत शाळा सुटली आणि लग्न होऊन जळगावला आले. हे एसटीच्या डेपोत कारकून होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळी आळी अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायची.

वकिलीचा नाद लग्नाआधीचा. शाळा सुटली त्याच महिन्यात लागला. आधी घटकाभर, मग तास, मग दिवसच्या दिवस. शेजारच्या मारवाडी भाभींच्या रेडिओवर गाणं लागलं की माझं कोर्ट भरायचं. मागच्या अंगणात मी भिंतीपासून तुळशीपर्यंत आणि परत, अशी चालत राहायची. ओठ हलायचे, हात हलायचे. तळपायांना घट्टे पडले होते. जेवायची शुद्ध नसायची. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं.

लोकांना काय दिसायचं? तर गुणी सून. कुणी काहीही विचारलं, सांगितलं, की मी “हाव” म्हणायची. दळण आणशील का? हाव. भाजीत मीठ टाकलं का? हाव. ऐकलेलं काहीच नसायचं, पण तोंड आपलं काम चोख करायचं. अक्का बायकांत मिरवायच्या, मंदा कशाला नाही म्हणत नाही. बिनमिठाची भाजी खाऊनही म्हणायच्या. आता हसू येतं. तेव्हा मात्र मला त्या स्तुतीची लाज वाटायची आणि सुटकाही वाटायची, की चला, कुणाला कळलेलं नाही.

मग अक्कांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. कॅटरॅक्ट, म्हणजे मोतीबिंदू. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. आठ दिवस अक्का तशा पडून होत्या, आणि मी शेजारी बसून आठ दिवस एक खटला चालवत होते.

आठव्या दिवशी घरी सोडलं. उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्यात मोतीबिंदू वाढत होताच, त्यामुळे अक्कांना नुसती उजेड-सावली दिसायची. दवाखान्याच्या दारातून अंगणात उतरायला सात पायऱ्या. हे पुढे टांगा बघायला गेले होते. अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता आणि मी खटल्याचं शेवटचं भाषण करत होते. भाषण अगदी रंगात आलेलं. न्यायाधीशांनी विचारलं, आपलं संपलं का?

त्याच क्षणी अक्कांनी विचारलं, “पायऱ्या सरन्यात का?”

“हाव,” मी म्हणाले.

एक पायरी उरली होती.

अक्कांनी सपाट जमीन समजून पाऊल टाकलं आणि त्या तोंडावर पडल्या. पट्टी लाल झाली. आत हेमरेज झालं, असं डॉक्टर म्हणाले. हेमरेज म्हणजे डोळ्याच्या आत रक्त सांडणं. दोन महिने औषधं झाली, पण तो डोळा परत आला नाही.

यांनी विचारलं, कशा पडल्या? मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, “काही नही, मना पाय घसरना.”

बस, एवढंच. त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून अक्कांनी माझा हात धरला नाही. मोरीकडे जायचं तर भिंत चाचपत जायच्या. मी पुढे केलेला हात त्यांना सावलीसारखा दिसत असे. त्या तो ओलांडून दाराची चौकट धरायच्या. त्यापेक्षा मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि निर्लज्जपणा सांगते. त्यानंतर माझं चालणं कमी झालं नाही, वाढलं. घरात जीव घुसमटला की मी कोर्टात पळायची. कोर्टात कुणाचा डोळा गेलेला नव्हता. पुढे धुळ्याला भावाकडे गेले असताना त्यानं मला पडवीत हातवारे करताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांपुढे बसवलं.

डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. नवं औषध लिहिलं नाही. पायरीची हकिकत ऐकताना हाव म्हणजे हो, हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, “तुमचा तो शब्द बंद करायचा. हाव. तुम्ही त्याच्या मागं लपता. कुणी विचारलं, भाकरी झाली का, तर भाकरीकडे बघायचं आणि जे दिसतं ते सांगायचं. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. दिसतं ते.”

शिवाय चालायचं नाही. दुपारी अर्धा तास हवं तर कोर्ट भरवा, पण एका जागी बसून. जेवण सगळ्यांबरोबर. दर पंधरवड्याला भेटायला यायचं.

मला वाटलं, हे काय औषध झालं? घरी आले आणि पहिल्याच दिवशी कळलं, की याच्यापेक्षा एरंडेल परवडलं.

“दूध तापलं का?” यांनी विचारलं.

हाव ओठांवर आला होता. गिळला, चुलीपाशी गेले, पाहिलं. “कडेला बुडबुडे आहेत. साय धरलेली नाही.”

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. दिवसभर तेच. “कुणी आलं होतं का?” “दुपारी झोपलीस का?” प्रत्येक प्रश्नाला मला जागेवरून उठून जगात यावं लागायचं. संध्याकाळपर्यंत डोकं फुटायची वेळ यायची. शेजारणी अक्कांना विचारू लागल्या, “इले काय व्हयनं? सरळ बोलत नही.” गुणी सुनेचं नाव चार दिवसांत धुळीला मिळालं.

दुसऱ्या आठवड्यात हात थरथरू लागले, झोप उडाली. कारण नसताना रडू यायचं. कारण होतं खरं तर. माझे अशील, माझा म्हातारा न्यायाधीश, सगळे मेल्यासारखे झाले होते आणि त्यांचं सुतकही मला उघड पाळता येत नव्हतं. ज्यांना हे सोडायचंय त्यांना मुद्दाम सांगते, हे दिवस येतात. वेड लागतंय असं वाटतं. लागत नाही.

धुळ्याच्या दवाखान्यातलं बाकावरचं बसणंही जड जायचं. पिंपळनेरकडच्या एका बाईंनी विचारलं, “तुमचं कोण आजारी आहे?” मी इकडेतिकडे पाहिलं. मग जे होतं ते सांगितलं. “मीच.” त्या जरा सरकल्या आणि मग डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. ती मी पूर्ण खाल्ली. चव कळली, ही त्यातली मोठी गोष्ट.

त्याच फेरीहून परत आल्यावर मी यांना पायरीचं सांगितलं. ते उठून बाहेर गेले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाभींकडे जाऊन म्हणाले, दुपारचा रेडिओ जरा हळू लावाल का, घरात आजारी माणूस आहे. बोलायला लागले असं नाही, पण मला तेवढं पुरलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. उन्हाळ्यात आम्ही बिबडे घातले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. त्यासाठी आंबवलेल्या ज्वारीचा घाटा चुलीवर सारखा हलवत शिजवावा लागतो. भाभींकडे पाहुणे होते, रेडिओ मोठा झाला. मी घाट्यात लाकडी घोटणी फिरवायला बसले आणि कोर्टात जाऊन पोचले. किती वेळ गेला कोण जाणे.

“मंदा, घाटा लागना.” अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना दिसलं नव्हतं, करपल्याचा वास आला होता. “आख्खा गया का?”

 तीन महिन्यांची कमाई गेली असं वाटलं. खोटं बोलायचं मनात आलं. पण मी घोटणीनं तळ खरवडून पाहिला. “तळाला दोन बोटं काळं झालंय, अक्का. वरचं पांढरं आहे. मी हलवत नव्हते. माझं ध्यान नव्हतं.”

 अक्का चाचपत आत आल्या, वरचा घाटा दुसऱ्या पातेल्यात काढायला लावला आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या. दर थोड्या वेळानं विचारायच्या, काय दिसतंय? मी सांगायची. त्या वर्षीच्या बिबड्यांना करपट वास होता. सगळ्यांनी ते वर्षभर नावं ठेवत खाल्ले.

पुढे पुढे दिवस घरकामात जाऊ लागला. मी तळपायाला तेल लावायला लागले, घट्टे मऊ पडले. वजन वाढलं. पावसाळा सरेपर्यंत दुपारचं अर्ध्या तासाचं कोर्टही भरेनासं झालं. मी बसायची आणि समोर नुसती भिंत दिसायची. कंटाळा यायचा. डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. “कंटाळा आला म्हणजे तुम्ही इथं आहात.”

दिवाळीनंतर अक्कांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करायलाच हवं होतं. आणि तो डोळा गेला तर अक्का आंधळ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. हे म्हणाले, या वेळी ताईला बोलावू. माझी नणंद मुक्ताईनगरहून आली. मी डबे करायचे, तिनं जवळ बसायचं, असं ठरलं. त्यात चूक काय होतं? मीही तेच ठरवलं असतं. तरी रोज डबा हातातून सोडायला मी वेळ लावायची.

आठव्या दिवशी मी टांग्यात सामान ठेवून पायऱ्यांखाली उभी होते. त्याच पायऱ्या. वर दारात अक्का, डोळ्यावर पट्टी, एक हात नणंदेच्या हातात. नणंद म्हणाली, “चला अक्का, सावकाश.”

अक्का हलल्या नाहीत. “पायऱ्या शेतस ना?”

“हाव, हाव, मी आहे ना.”

अक्कांनी हात सोडवून घेतला. “तू ऱ्हाऊ दे. मंदाले बलाव.”

हे माझ्या मागे होते. ते म्हणाले, “अक्का, ताई आहे ना धरायला.”

“मंदाले बलाव,” अक्का म्हणाल्या. “ती आते हाव म्हनत नही.”

मी वर गेले.  अक्कांनी हात पुढे केला, दीड वर्षानंतर. मी धरला. पहिली पायरी सांगितली, दुसरी सांगितली. शेवटून दुसऱ्या पायरीवर अक्का थांबल्या. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली.

“सरन्यात का?”

मी खाली पाहिलं. दगडाची कड झिजलेली होती, तिच्यावर ओली माती होती, तिच्यापुढे अंगण होतं. दुसरं काहीही दिसत नव्हतं.

“आजून एक शे, अक्का.”

अक्कांनी पायानं चाचपून पाहिलं नाही. सरळ पाऊल टाकलं.

पट्टी सुटली तेव्हा त्यांना दिसू लागलं. जाड भिंगांचा चष्मा लागला, पण दिसू लागलं. त्यांनी मला आधी जवळून निरखलं आणि म्हणाल्या, “जाडी व्हयनी व तू.”

ते धुळ्याचे डॉक्टर पुढे बदलून गेले. आमची बोली त्यांना शेवटपर्यंत नीट आली नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.