गायीच्या कानातला पिन

गेल्या वर्षी माझ्या क्रेडिट कार्डाचा पिन आमच्या गायीच्या कानाला लटकत होता.

यात हसण्यासारखं काही नाही. बँकेच्या बाईंनी फोनवर तीनदा बजावलं होतं, पिन कुणाला सांगू नका, कुठं लिहू नका, जन्मतारीख ठेवू नका. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. बाईंनी सांगितलं की ऐकायचं, एवढंच शाळेतून शिकून आलो. होसूरला गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. तिथं माझ्या खोलीत खाटेच्या वर एक फोटो आहे. त्यात आमची वहिनी आणि तिला खेटून उभी असलेली सोनी गाय. सोनीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. मी शेवटचे चार आकडे घेतले. ना लिहिलं, ना कुणाला सांगितलं. रोज झोपताना समोर पिन! माझ्या हुशारीवर मीच खूश.

कार्ड घेतलं ते वहिनीसाठी. आई-बाप लवकर गेले, मला वाढवलं तिनं. शाळा सोडून मी पारावर बसायला लागलो, तेव्हा दुधाचे साठवलेले पैसे माझ्या हातात कोंबून तिनंच मला चाकणला फोर्कलिफ्ट शिकायला धाडलं. तिची इच्छा विचाराल तर एकच. बर्फ बघायचा. (लेण्याद्रीच्या पायऱ्यांपलीकडं तिनं डोंगर चढलेला नव्हता, आणि बर्फ म्हणजे रसवंतीतला.) त्यात कार्डवाल्यांनी सांगितलं, फिरायला जा, सहा महिने व्याज नाही. मी मनाली ठरवूनच टाकलं.

दादाला फोन केला. दादाचं आयुष्य बेल्ह्याच्या बैलबाजारात गेलेलं.

"बिनव्याजी? खोड काय हाय त्याची?"

"खोड नाही दादा. कार्ड आहे ते."

"सुन्या, खोडीबिगर जनावर नसतं. मारकं आसंल, न्हाई तर बसकं आसंल. दात बघितलंस का?"

"कार्डाला दात नसतात!"

"मंग नक्कीच मारकं हाय," दादानं निकाल दिला आणि तरी दोन स्वेटर घेतले.

सोनीला शेजारच्या बबनच्या हवाली केलं. मी होसूरहून, ते दोघं गावाहून, असे दिल्लीत भेटलो आणि मनालीला पोचलो. दोन दिवस पावसानं रस्ता बंद. हॉटेलाच्या काचेतून वहिनी ढगांकडं बघत बसायची आणि मलाच धीर द्यायची, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, ढग बी चांगलं हायेत."

शेवटच्या दिवशी सकाळी ऊन पडलं! रस्ता उघडला. गाडीवाला म्हणाला, साडेआठच्या आत निघालो तर बर्फापर्यंत सोडतील, नंतर नाक्यावर अडवतात. दुपारी तर आमची परतीची बस. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. वहिनी भाड्याचा लाल कोट घालून दारात उभी. कोट एवढा मोठा की आत अजून एक वहिनी मावली असती.

हॉटेलाचं आणि गाडीचं बिल एकत्र होतं. ते भरल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. मी ऐटीत कार्ड काढलं. मॅनेजरनं मशीन पुढं केलं.

"पिन डालिए."

मी वर बघितलं. सवयच ती! वर फोटो नव्हता. वर पंखा होता.

सहा आणि शून्य, एवढं नक्की आठवत होतं. पुढचे दोन अंदाजानं दाबले. मशीन कुरकुरलं. परत दाबले. परत कुरकुरलं.

"सर, एक बार और गलत हुआ तो कार्ड ब्लॉक," मॅनेजर म्हणाला. मला थंडीत घाम फुटला. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, होसूर देशाच्या दुसऱ्या टोकाला. खात्यात परतीच्या जेवणापुरते पैसे. दादाजवळची रोकड शालीत गेलेली. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं!

"दादा," मी कानात सांगितलं, "पिन सोनीच्या बिल्ल्यावर आहे."

दादानं माझ्याकडं असं बघितलं, जसं बाजारात आंधळा बैल घेणाऱ्याकडं बघतात. मग म्हणाला, "बबनला लाव फोन."

व्हिडिओ कॉल लागला. बबनच्या मागं शेपन्नास बैल आणि धूळ.

"बबन्या, कुठं हायेस?"

"बेल्ह्याला, बाजारात! खोंड इकाया आणलाय."

"आन् सोनी?"

"आणलीय की संगं. येकटी लई हंबरत व्हती, म्हनून टेम्पोत घातली."

माझा जीव भांड्यात पडला. "बबन, तिचा कान धर आणि शेवटचे चार आकडे वाच!"

बबननं प्रश्न विचारला नाही. (खरा शेजारी!) त्यानं कान धरला. सोनीनं मान झटकली. मोबाईलमध्ये आभाळ, शिंग, बबनची चप्पल असं सगळं आळीपाळीनं दिसलं. तेवढ्यात चष्मा लावलेला एक व्यापारी पडद्यात घुसला.

"केवढ्याला द्यायची, पावणं?"

"इकायची न्हाई!"

"मंग कान कशापायी दाखवतोय?"

"मनालीला दाखवतोय!"

"मनाली कोन? गिऱ्हाईक हाय का?"

इकडं मॅनेजरसकट सगळं हॉटेल माझ्या मोबाईलवर वाकलेलं. एक गुजराती आजोबा ओरडले, "कान पकडो, कान!" गाडीवाला दारात हॉर्न वाजवतोय. सव्वाआठ!

"सा… शून्य… येक…" बबन वाचायला लागला.

"पुढं?"

"फुडं शेण हाय."

"पूस की मग!"

"कशानं?"

"टोपीनं!" दादा इकडून असा गरजला की मॅनेजरनंसुद्धा स्वतःची टोपी काढली.

बबननं टोपीनं पुसलं. "येक हाय… का सात हाय राव? माझं डोळं…"

एक की सात, यावर वहिनीचा बर्फ टांगलेला. ती कोटातून हळूच म्हणाली, "भाऊजी, न्हाई जमलं तरी चालंल. काचंतनं दिसतोय की."

ते ऐकून मला रडूच आलं असतं, पण चष्मेवाल्या व्यापाऱ्यानं बबनला बाजूला सारलं, सोनीचा कान सराईत हातानं धरला आणि चष्मा कपाळावर नेऊन बघितलं.

"सात हाय. इकत न्हाई तर न्हाई, पण सात हाय."

मी डोळे मिटून सात दाबला. मशीननं विचार केला. फार विचार केला. मग कागद बाहेर आला! हॉटेलात टाळ्या. तिकडं बाजारातही टाळ्या, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं.

बर्फावर पोचलो. वहिनी आधी नुसती उभी राहिली. मग वाकली, मूठभर बर्फ उचलला, गालाला लावला आणि म्हणाली, "अगं आई गं! येवढा बर्फ हितं नुसता पडलाय, आन् आपल्याकडं उन्हाळ्यात दूध नासतंय." नंतर ती तासभर हसत होती. मी एवढी हसलेली वहिनी जन्मात बघितली नव्हती. त्या दिवशी कार्डाचं व्याज मागितलं असतं, तरी दिलं असतं.

परतताना दादा म्हणाला, "म्हनलं व्हतं ना, खोड आसतीच. कार्डात न्हवती, मालकात निघाली."

आता अख्ख्या बेल्ह्याच्या बाजाराला पिन पाठ झाला म्हटल्यावर तो बदलणं भाग होतं. शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी दादाकडून सोनीच्या कालवडीचा फोटो मागवला, मोठा करून घेतला आणि तिच्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे ठेवले. फोटो या वेळी मोबाईलमध्ये. परवा तो मोबाईल फोर्कलिफ्टखाली गेला. (फोर्कलिफ्ट मीच चालवत होतो.)

मित्राच्या फोनवरून दादाला विचारलं, "कालवडीचा नंबर सांग."

"कालवड? इकली की रं! लई झ्याक भाव मिळाला. त्योच चष्मेवाला घिऊन गेला."

आता त्या चष्मेवाल्या पाहुण्यांचा नंबर मिळवलाय. ते फोन उचलतील तेव्हा काय बोलायचं याची तालीम चाललीय. पण माणूस चुकांतून शिकतो म्हणतात, ते खरं आहे. ह्या वेळी मी आधी शेण पुसायला सांगणार आहे!