हरदोईचा बेसॉल्ट

लखनौत दगड नाही. रस्त्याकडेला विटांचे तुकडे आणि खडी दिसते, ते सोडा. मी म्हणतोय तो खडक, आपल्या जागी जन्मलेला आणि तिथेच बसलेला. इथे कितीही खणा, नुसता गाळ. असल्या गावात मी गेली सव्वीस वर्षं विद्यापीठात भूशास्त्र शिकवतोय. माणूस मी कराडकडचा, जिथे ठेच लागली तरी काळ्या बेसॉल्टचीच लागते.

दगड नाहीत म्हणून मी दगडांची खोली जमवली. विभागाच्या तळमजल्यावर, उत्तरेच्या उजेडाची, भिंतभर कपाटं, प्रत्येक कप्प्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी. दर सुट्टीत गावाकडून येताना दोन पिशव्या भरून आणायचो. बायको म्हणायची, लोक गावाहून पापड-लोणची आणतात, आमचे हे दगड आणतात. येताना विमानतळावर एकदा पिशवी उघडायला लावली. शिपायाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, पत्थर. और? और पत्थर. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी कीव आली. पण सांगतो, त्या खोलीत मी जेवढा सुखी होतो तेवढा लग्नाच्या मांडवातही नव्हतो. बायको हे वाचणार आहे, तरी लिहितो.

मग रोगाची साथ आली. एका संध्याकाळी आदेश निघाला की विद्यापीठ बंद, मुलं घरी, वर्ग सोमवारपासून ऑनलाइन. जणू वर्ग म्हणजे पाण्याचा टँकर, या गल्लीतून काढला आणि त्या गल्लीत उभा केला. मी गोमती नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून चाळीस काळ्या चौकोनांना पृथ्वीचं अंतरंग शिकवायला लागलो. मुलगी तेव्हा कॉलेजात, तिचेही वर्ग शेजारच्या खोलीत. मी मराठीत हाका मारायच्या आणि तिने हिंदीत खेकसायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. ती दर दहा मिनिटांनी दार ढकलून सांगायची, ‘पापा, इतना चिल्लाइए मत, माइक है.’ चोवीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज, तो एका दिवसात कसा आवरणार?

थिअरी कशीबशी निभावली. अडलं प्रॅक्टिकलपाशी. आमचे डीनसाहेब वाणिज्य शाखेचे, माणूस गोड, पण दगडाशी संबंध मुतखड्यापुरता. त्यांना ऑनलाइन व्याख्यानांसाठी स्टुडिओ हवा होता, हिरवा पडदा आणि दिवे लावून, आणि त्यांचा डोळा माझ्या खोलीवर. फोनवर म्हणाले, ‘पत्थर ही तो हैं, फोटो खींच लीजिए.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते शांतपणे म्हणाले की ठीक आहे, एक सत्र बघू. प्रॅक्टिकल ऑनलाइन जमलं नाही तर खोली तुमची. जमलं तर तिची गरजच उरत नाही, नाही का?

शहाण्या माणसाने त्या सत्रात मुद्दाम भिकार शिकवलं असतं. पण मी कसला शहाणा! मुलं कॅमेऱ्यापलीकडे जांभया देताहेत हे मला सहन होईना. मी फर्मान काढलं की प्रत्येकाने जिथे असेल तिथून एक दगड शोधायचा आणि कॅमेऱ्यासमोर त्याची परीक्षा करायची. खिळ्याने ओरखडा काढून कठीणपणा बघायचा, लिंबू पिळून फसफसतं का ते बघायचं. मुलं पसरलेली सीतापूर, बाराबंकी, हरदोईला, सगळा सपाट मुलूख, आणि मी त्यांना दगड आणायला सांगत होतो.

पण आणले की हो पोरांनी! एकाने रेल्वेच्या रुळांतली खडी आणली. एकाने शेतातले चुन्याचे कंकर. एकीने आईचा सिल-बट्टा, म्हणजे आपला पाटा-वरवंटा, उचलून आणला आणि हा वालुकाश्म आहे असं बरोबर सांगितलं. एका दिवट्याने घरच्या संगमरवरी देवघरावरच लिंबू पिळलं. डाग पडला आणि त्याच्या आईने त्याला कानाला धरून कॅमेऱ्याबाहेर नेलं, तो त्या दिवशी परत आलाच नाही. एका मुलीने आजोबांच्या पूजेतला शाळिग्राम दाखवला आणि आतल्या शंखाच्या खुणेवरून सांगितलं की हा समुद्रातल्या प्राण्याचा जीवाश्म आहे. खिळ्याचं नाव काढताच आजोबांनी देव उचलला आणि गेले. मी म्हटलं, राहू दे, ओरखड्याचे गुण दिले. माझ्या चोवीस वर्षांत प्रॅक्टिकलला अशी मजा आली नव्हती. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे माझ्या गावीही नव्हतं.

मग हरदोईच्या मुलाची पाळी आली. हा मुलगा कधी बोलायचा नाही. त्याने कॅमेऱ्यासमोर मुठीएवढा काळपट तांबडा तुकडा धरला, सगळीकडे भोकंच भोकं. म्हणाला, सर, घर में यही मिला. माझं काळीज लककन हललं. असा सच्छिद्र बेसॉल्ट मी कराडच्या डोंगरात लहानपणापासून बघत आलोय. लाव्हारस निवताना आतले वायू निसटतात आणि अशी भोकं राहतात. मी त्याला काही बोलूच दिलं नाही. सुटलोच. सह्याद्री कसा घडला, थरावर थर कसे बसले, घाटातून जाताना पायऱ्या कशा दिसतात. गावी जाऊन वर्ष होत आलं होतं, गाड्या बंद, आई फोनवर म्हणायची येऊ नकोस. दहा मिनिटं मी हरदोईच्या त्या दगडाकडे बघून माझं गाव सांगत होतो.

तेवढ्यात त्या मुलाच्या मागून त्याच्या आईचा आवाज आला, ‘मास्टर साहब, यह तो भट्ठे का झाँवा है. हम एड़ी घिसते हैं इससे.’

झाँवा म्हणजे वीटभट्टीत जास्त भाजून फुगलेली वीट. बायका टाचा घासायला वापरतात. मी, डॉक्टरेटवाला भूशास्त्रज्ञ, विटेला बेसॉल्ट म्हणालो होतो. वर्गातले चाळीस माइक एकदम उघडले आणि जे काही हास्य उसळलं ते मी त्या वर्षात प्रथमच ऐकलं. स्वयंपाकघरातून बायकोही हसली, ते मला वेगळं ऐकू आलं.

आता बघा, हातात घेतला असता तर कुठल्याही शेंबड्या पोराने ती वीट ओळखली असती. कॅमेऱ्यातून मी फसलो. माझ्या खोलीसाठी यापेक्षा मोठा पुरावा काय हवा होता? डीनसाहेबांना फोन करून एवढंच सांगायचं होतं की साहेब, चोवीस वर्षांचा मास्तर फोटोवरून वीट ओळखू शकला नाही, तर पोरं काय डोंबल ओळखणार? पण माझी मान वाकेना. मी मुलीला सांगितलं, रेकॉर्डिंगमधली ती दहा मिनिटं कापून टाक. तिने माझ्याकडे बघितलं. ‘पापा, यह चीटिंग है,’ म्हणाली, आणि कापली.

पुढचा एप्रिल मी पटकन सांगून टाकतो, रेंगाळायची ताकद नाही. शहरात दुसरी लाट होती. मी हजेरी घेणं बंद केलं, कारण नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही की पुढचं नाव घेववत नसे. दोन आठवडे वर्गच घेतला नाही. दुपारी नुसती मीटिंग उघडी ठेवायचो आणि ज्याला यावंसं वाटेल तो येऊन गप्प बसायचा. त्यात विषय कुठला आणि प्रॅक्टिकल कुठलं.

लाट ओसरल्यावर डीनसाहेबांनी माझी सगळी रेकॉर्डिंग्ज पाहिली. भारावूनच गेले. ऑनलाइन बैठकीत साऱ्या विभागप्रमुखांसमोर त्यांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, घरातले दगड, लिंबू, खिळा, आणि इनसे एक भी पत्थर पहचानने में चूक नहीं हुई. मला त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं की खाली बघवेना. तो क्षण होता. माइक उघडायचा आणि म्हणायचं, झाली चूक. मी माइक उघडला आणि म्हणालो, ‘सर, आपका आशीर्वाद.’ लाज वाटते लिहिताना. एक सन्मानपत्र ईमेलने आलं आणि त्याच्या मागोमाग खोली सोडायला हरकत नसल्याचा कागद. मी सही केली. बायकोने विचारलं, असं कसं केलंस रे? मी तिच्यावरच खेकसलो की जमाना बदललाय. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि तेच बरोबर होतं.

खोलीत हिरवा पडदा लागला. कपाटं जिन्याखालच्या बोळात गेली, एकावर एक, निम्मे कप्पे उघडेनात. घरचा दगड आणायची पद्धतही डीनसाहेबांनी थांबवली, कारण प्रत्येकाचा दगड वेगळा म्हणजे गुण देण्यात समानता नाही. त्याऐवजी त्या स्टुडिओत प्रत्येक नमुन्याचे चहूबाजूंनी फोटो काढले गेले. बोट फिरवलं की पडद्यावर दगड गोल फिरतो. देखणं काम, नाही म्हणत नाही. फोटोंखालचा आवाज माझा आहे. एक अख्खी तुकडी त्यावर शिकली, आणि निकाल असा लागला की आम्हाला जन्मात लागला नव्हता.

विद्यापीठ पुन्हा उघडलं तेव्हा ती मुलं पहिल्यांदा आवारात आली, दुसऱ्या वर्षाची झालेली, एकमेकांची उंची नव्याने बघत. तोंडी परीक्षा घ्यायला मला खोली नव्हती. मी जिन्याखाली कपाटांसमोर खुर्ची टाकली आणि मुलं बोळात रांगेत उभी राहिली. पहिली आली तुकडीत सर्वांत जास्त गुण मिळवलेली मुलगी. मी हाताला येईल तो कप्पा ओढला, त्यात गॅलेना निघालं. शिशाचं खनिज, मुठीएवढा तुकडा, आरशासारखा चकचकीत. मी तो लांबून दाखवताच तिने धडाधड सांगितलं. गॅलेना, धातूची चकाकी, घनाकार स्फटिक, घनता साडेसात. एका श्वासात, माझ्याच फोटोखालच्या वाक्यात. मी शाब्बास म्हटलं आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

तिचा हात एकदम खाली गेला. दुसरा हात लावून तिने तो सावरला, नाहीतर फरशीवर पडला असता. ती त्या तुकड्याकडे बघत राहिली.

‘सर, यह तो भारी है.’

साडेसात, म्हणजे पाण्याच्या साडेसातपट जड, हा आकडा तिने वर्षभर पाठ केला होता, पेपरात लिहिला होता, त्याचे गुण घेतले होते. रांगेतलं कोणी हसलं नाही. मागची मुलं माना उंच करून बघायला लागली. ती तुकडा या हातातून त्या हातात घेत होती, चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग सरळ सरळ राग आला.

‘सर, यह हमें पहले क्यों नहीं दिया?’

साथ, सरकारी आदेश, डीनसाहेब, सगळी उत्तरं जिभेवर तयार होती, आणि त्यातलं एकही अगदी खोटं नव्हतं. पण ती पोर उत्तरासाठी थांबली होती.

‘इनका एक कमरा था,’ मी म्हणालो. ‘मैंने दे दिया.’

‘तो वापस माँग लीजिए, सर.’

एवढंच म्हणाली आणि तुकडा मागच्या मुलाच्या हातात दिला. मी उरलेल्या सगळ्यांची परीक्षा कशीबशी उरकली आणि त्याच दुपारी डीनसाहेबांकडे गेलो. अजूनही दर आठवड्याला जातो. हल्ली मला दारात बघितलं की ते मोबाइल कानाला लावतात, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून राहतो.