दातानं दोरा तोडणारे व्याही

आमचे व्याही हाडाचे शिंपी. दोन्ही मूत्रपिंडं थकली तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसतात. पण तिथंही सिस्टरच्या गणवेशाचा खांदा उतरलाय हे त्यांना आधी दिसतं, स्वतःच्या हातातली सुई मागाहून!

एकदा मी सोबतीला होतो. डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद घेऊन आल्या. "काका, सूज दाखवणारा आकडा तिसऱ्यांदा चढलाय. अंगात कुठंतरी आग धुमसतेय. डायलिसिसवर हृदय आधीच दमलेलं असतं, त्यात ही सूज रक्तवाहिन्या आतून बिघडवते. झटका येईपर्यंत थांबायचं नाही. कुठं दुखतं?"

"छे, ठणठणीत आहे मी."

"ठणठणीत माणूस इथं कशाला येईल?" मी म्हटलं.

"व्याही, मुलगी तुमच्या घरात दिलीय म्हणून ऐकून घेतोय हं!"

मग शोध सुरू झाला. हातावरची सुईची जागा पाहिली, पावलं पाहिली, छातीचा फोटो काढला. काही म्हणता काही सापडेना. पुढच्या खेपेला सिस्टर रक्तदाब मोजायला वाकली, तर तिच्या बाहीचा दोरा लोंबत होता. झालं! चाळीस वर्षांची सवय. व्याह्यांनी मोकळ्या हातानं दोरा धरला आणि कचकन दातानं तोडला. दोरा लाल!

सिस्टरनं बॅटरी आणून तोंडात पाहिलं. हिरड्या सुजून टम्म, दोन दाढा पोखरलेल्या.

"हे सांगितलं का नाही, काका?"

"मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाताचं काय सांगायचं? शिवाय दात काढले तर दोरा कशानं तोडू?"

"जिभेनं तोडा, ती भलतीच धारदार आहे!" पलीकडच्या स्टुलावरून विहीणबाई कडाडल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी छोटी कात्री नाडीत ओवून नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

डायलिसिस नसलेला दिवस धरून दाताच्या डॉक्टरांनी दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या. तीन महिन्यांत आकडा निम्म्यावर आला.

"हृदयाला अजून जपायचंच," डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पाणी, मीठ, गोळ्या, सगळं तसंच. पण एक आग विझली."

व्याह्यांनी घरी येताच एका शाळेच्या पुढच्या वर्षीच्या गणवेशांचं काम घेतलं.

"अहो, वर्षभराचं काम! झेपेल का?" विहीणबाईंनी विचारलं.

"शिवायचं मी, काळजी करायची तू. कामं वाटूनच घेतलीत की!" म्हणत त्यांनी मशीनवर पाय ठेवला.