रिपोर्ट एका पानात बसवताना

पाणी तपासायच्या लॅबमध्ये बाटल्या साठत असतील, असं तुम्हाला वाटेल. बाटल्या आम्ही रोज धुतो. किश्श्यांचं काय करायचं, ते मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही!

आमची लॅब बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या वर. माणसं तीन. रिपोर्टवर सही करणाऱ्या देवधर बाई, गावोगाव फिरून नमुने आणणारे हरगुडे, आणि रिपोर्ट बनवणारी मी, स्मिता. पूर्वी एक्सेलमधून प्रिंट काढायची आणि बाई पेनानं सही करायच्या. मग ठरलं, आता पीडीएफ करायची आणि सही थेट कॉम्प्युटरवर! "त्यात काय, एक बटण तर दाबायचंय," असं मीच म्हणाले होते.

*

पहिलीच पीडीएफ चौतीस पानांची झाली. पहिल्या पानावर रिपोर्ट, पुढे सगळा कोरा कारभार! तासभर शोधल्यावर सापडलं. आकडे भरताना हरगुड्यांच्या हातून दीडेक हजार ओळी खाली एक टिंब पडलं होतं. एक्सेलनं ते इमानदारीनं शेवटच्या पानावर छापलं होतं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "स्मिता, विहिरीचं पाणी तपासलं आपण, की समुद्राचं?"

*

दुसऱ्या दिवशी 'सगळं एका पानात बसवा' असा पर्याय सापडला. मी खूश! रिपोर्ट एका पानात बसला, फक्त अक्षरं मुंगीएवढी झाली. संध्याकाळी एका सोसायटीच्या चेअरमनांचा फोन. आवाज अगदी नम्र.

"आपला रिपोर्ट मिळाला. छान आहे. सोबतचं भिंग तेवढं आलेलं नाही."

*

अक्षरं मोठी केली, तर रकाने अरुंद पडले. आकडा मावला नाही की एक्सेल त्या जागी आडव्या-उभ्या रेघांच्या जाळ्या छापतं, हे मला माहीत होतं. मांजरी गावच्या ज्या शेतकऱ्याच्या विहिरीचा तो रिपोर्ट होता, त्याला कसं माहीत असणार? तो मोबाइल घेऊन थेट लॅबमध्ये आला. मोबाइल माझ्यापुढे धरून हळूच म्हणाला, "मॅडम, हे किडं एवढंच हायेत, का आजून खाली हायेत?"

*

सहीची चौकट तर स्वतंत्र पीडा! सॉफ्टवेअर ती पानाच्या तळाशी उजवीकडे ठेवायचं, ठरलेल्या जागी. एका रिपोर्टात दोन ओळी वाढल्या आणि जंतूंचे आकडे नेमके चौकटीखाली गेले. बाईंनी सही करायला नकार दिला.

"जंतू माझ्या सहीमागे लपलेत. आधी त्यांना बाहेर काढ, मग सही."

*

स्क्रीनच लहान आहे, म्हणून मला पानं नीट दिसत नाहीत, असं मी मनाशी पक्कं केलं आणि बुधवार पेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

"मोठा मॉनिटर दाखवता का? एक्सेलचं अख्खं पान दिसेल असा."

दुकानदारानं हातातला पेपर खालीसुद्धा घेतला नाही. "पान दिसायला सेटिंग लागतं. मॉनिटर दिसायला मॉनिटर. तुम्हाला काय दाखवू?"

मी तशीच परत आले. पण त्याच्या त्या बोलण्यानं हट्टाला पेटले! महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत बसले. पान कुठं तुटतं, समास किती सोडायचा, आडवं पान कधी घ्यायचं, सगळं वहीत उतरवलं. एकेक रिपोर्ट पाच-पाच वेळा पीडीएफ करून पाहिला. हरगुडे म्हणायचे, "मॅडम, डबा गार झाला." मी म्हणायचे, "होऊ दे."

आणि जमलं! सलग वीस रिपोर्ट, एकेक पान, सही जागच्या जागी. मग एकविसावा आला, खराडीतल्या एका मुलींच्या हॉस्टेलचा.

त्यांनी नवीन बोअर घेतली होती. पाण्यात जंतू निघाले. निष्कर्ष मी नेहमीसारखा शेवटच्या रकान्यात लिहिला. बाईंनी आकडे वाचले, सही केली, मेल गेला. दुपारी फाइल लावताना माझ्या लक्षात आलं की पीडीएफची दोन पानं झालीत. पहिल्या पानाच्या कडेला 'पाणी पिण्यास योग्य'. आणि दुसऱ्या पानावर, सहीच्या वर, एकटाच 'नाही'!

रेक्टरना तीनदा फोन केला, उचलला नाही. बाई म्हणाल्या, "बसून राहू नकोस, जा." स्कूटर काढली आणि सुटले.

हॉस्टेलमध्ये कूलरच्या वर माझं पहिलं पान चिकटवलेलं. खाली बाटल्या घेऊन मुलींची रांग. मी सरळ पुढे घुसले.

"एक्स्क्यूज मी, मॅडम, लाइन आहे!"

"कुणी प्यायलं का हे पाणी?"

"आत्ताच सुरू केलंय. पहिला नंबर माझाच आहे," पुढची मुलगी म्हणाली.

मी नळ बंद केला, कूलरचं बटण बंद केलं, पर्समधून पेन काढलं आणि त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नाही'. तेवढ्यात रेक्टर धावत आले.

"अहो बाई, नोटिशीवर काय खरडताय?"

"मी लॅबमधून आलेय. रिपोर्टचं दुसरं पान का नाही लावलंत?"



"अहो, त्यावर सगळा मिळून एकच शब्द होता. एका शब्दासाठी कागद कोण वाया घालवतो?"